पथदिव्यांची दुसरी फेरी : नगरपरिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि विद्युत विभागाचे अभियंते,
महाराष्ट्रातील सर्व नगरपरिषदा, नगरपंचायती व ग्रामपंचायती

विषय : जुने एलईडी पथदिवे बदलताना निविदेत काय लिहावे आणि खांबावर काय तपासावे

महोदय, महोदया,

५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने घरगुती बल्बांची उजाला योजना आणि पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम एकाच दिवशी सुरू केला. पथदिव्यांच्या कार्यक्रमात ईईएसएल या सरकारी वीजबचत कंपनीने आधी पदरचे पैसे घालून दिवे लावायचे आणि स्थानिक संस्थेने वीजबिलातल्या बचतीतून ते साधारण सात वर्षांत फेडायचे, अशी रचना होती. देखभालही त्याच करारात. ज्या गावांनी २०१८-१९ च्या सुमारास सह्या केल्या, त्यांचे करार आता संपले आहेत किंवा संपायला आले आहेत. ज्यांनी स्वतःच्या निविदेवर किंवा वित्त आयोगाच्या निधीतून दिवे घेतले, त्यांची वॉरंटी बहुधा त्याआधीच सरली. म्हणजे खांबावरचा दिवा आता पूर्णपणे तुमचा, आणि तो बंद पडला की फोनही तुमच्याच वायरमनला.

आम्ही पथदिव्यांची डिझाइनं करणारे, दिवे बसवणारे आणि खांबावरून उतरवलेली फिटिंगं, म्हणजे अख्खे दिवे, टेबलावर उघडणारे लोक आहोत. आमचं म्हणणं थोडक्यात असं : चांगल्या एलईडी दिव्यात चिप (प्रत्यक्ष उजेड देणारा भाग) सहसा सगळ्यात शेवटी मरते, आणि निविदेतली निम्मी पानं तिच्यावरच खर्च होतात. दिवे बंद पडतात ते ड्रायव्हर (चिपला वीज देणारा डबा), न्यूट्रल (विजेच्या परतीची तार), पाणी आणि पॅनेल (दिवे चालू-बंद करणारी पेटी) यांमुळे. चालू असूनही रस्ता अंधारा राहतो तो लेन्स आणि खांबाच्या अंतरामुळे. दुसऱ्या फेरीची निविदा काढताना याच गोष्टींवर शाई खर्च करा.

आधी बाजाराचं बोलू. ईईएसएलने २०१४ च्या सुरुवातीला घेतलेला एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडला होता. २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांवर आला. एवढी घसरण पाहिल्यावर दर वर्षी दर खालीच यायला हवा, अशी सवय खरेदी करणाऱ्यांना लागली. बल्बात ते चाललं. पथदिव्यात चालत नाही, कारण ९० वॉटच्या फिटिंगमध्ये पैशाचा मोठा भाग ॲल्युमिनियमच्या डायकास्ट बॉडीत, ड्रायव्हरमध्ये, लेन्समध्ये आणि सर्ज प्रोटेक्टरमध्ये (विजेच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या भागात) जातो. चिपचे भाव उतरले तसे ॲल्युमिनियम आणि तांब्याचे उतरत नाहीत. मग सगळ्यात कमी दर भरणारा जिथे डोळा पोचत नाही तिथे कापतो : बॉडीचं वजन कमी, चिपची संख्या निम्मी आणि प्रत्येक चिपमधला करंट दुप्पट, ड्रायव्हरमध्ये हलका कपॅसिटर, सर्ज प्रोटेक्टर नावापुरता. २०२१ मध्ये केंद्राने एसी आणि एलईडी दिव्यांच्या सुट्या भागांसाठी ६,२३८ कोटी रुपयांची पीएलआय (उत्पादनावर प्रोत्साहन देणारी) योजना मंजूर केली. ड्रायव्हर, बॉडी, पीसीबी देशात बनू लागले आहेत. चिप मात्र अजून मुख्यतः बाहेरूनच येते. कंत्राटदाराने ‘चिप नामांकित कंपनीची आहे’ असं सांगितलं तर ते बहुधा खरंच असतं. फक्त त्याने विशेष काही सिद्ध होत नाही.

बाजारात एक बदल मात्र तुमच्या फायद्याचा झाला आहे. पहिल्या फेरीतली फिटिंगं वॉटला १०० लुमेनच्या आसपास प्रकाश द्यायची. आज १३० ते १५० लुमेनची फिटिंगं सरसकट मिळतात. म्हणून जुन्या ९० वॉटच्या जागी नवा ९० वॉट हे अंदाजपत्रक मुळातच चूक आहे. तेवढाच प्रकाश ६५-७० वॉटमध्ये मिळतो. निविदेत वॉट हा कमाल आकडा म्हणून लिहा आणि लुमेन किमान म्हणून. लुमेन फिटिंगबाहेर पडणारे हवेत, चिपचे नकोत. चिपच्या डेटाशीटमधला आकडा २५ अंशांचा किंवा ८५ अंशांचा असतो, आणि त्यातून लेन्सची व ड्रायव्हरची घट वजा झालेली नसते.

आता ड्रायव्हर. यावर जरा थांबावं लागेल, कारण टेबलावर येणाऱ्या मेलेल्या दिव्यांत सगळ्यात जास्त वेळा तोच गेलेला असतो.

ड्रायव्हर म्हणजे २३० व्होल्ट एसीतून चिपला लागणारा स्थिर डीसी करंट करून देणारा डबा. त्यात वीज क्षणभर साठवणारे एक-दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात आणि डब्याचं आयुष्य त्यांच्या आयुष्याएवढंच. कपॅसिटरच्या अंगावर छापलेलं असतं : १०५ अंश, आणि डेटाशीटमध्ये त्या तापमानाला किती तास. स्वस्तातला २,००० तासांचा, चांगला १०,००० तासांचा. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं, हा ढोबळ नियम. पथदिवा रात्री ११ तास जळतो म्हणजे वर्षाला सुमारे ४,००० तास. आता हिशेब करा. फिटिंगच्या आत कपॅसिटर ८५ अंशांवर राहिला, तर २,००० तासांचा माल ८,००० तास टिकेल. दोन वर्षं. तोच ७५ अंशांवर राहिला तर चार वर्षं. १०,००० तासांचा माल ७५ अंशांवर कागदोपत्री ८०,००० तास जातो, म्हणजे दुसरं काहीतरी आधी मोडेल. दोन कपॅसिटरांच्या किमतीतला फरक काही रुपयांचा असतो. तिकडे पाच वर्षांची वॉरंटी मागितलेली असते आणि तिसऱ्या वर्षी कंत्राटदार फोन उचलत नाही. कारण बहुतेकदा याच काही रुपयांत असतं.

म्हणून निविदेत दोन ओळी घाला. एक, ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं रेटिंग १०५ अंशांना किमान १०,००० तास असावं आणि त्याची डेटाशीट जोडावी. दोन, ४५ अंश सभोवतालच्या तापमानात, पूर्ण भारावर, ड्रायव्हरच्या अंगावर टीसी अशी खूण असते तिथलं तापमान ७५ अंशांपुढे जाऊ नये. ही चाचणी करायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. नमुन्याचं फिटिंग तीन तास चालू ठेवा, टीसीच्या ठिपक्यावर थर्मोकपल चिकटवा आणि वाचा. खोलीत ३० अंश असतील तर वाचनात १५ मिळवा.

४५ अंश कशाला, दिवे तर रात्री लागतात, असा प्रश्न येतो. विदर्भातल्या कितीतरी गावांत पथदिव्यांच्या वायरला स्विचच नसतो. दिवे भर दुपारी जळतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात डोक्यावर ऊन आणि आत चालू ड्रायव्हर, असा तो दिवा भाजून निघतो, शिवाय वर्षाला ४,००० ऐवजी ८,७६० तास जळतो. अशा गावाने महाग दिवा घेण्याआधी टायमर घ्यावा.

ड्रायव्हरचं स्वस्त भावंड म्हणजे ड्रायव्हरच नसलेला दिवा. चिपच्याच पट्टीवर एक लिनियर आयसी बसवलेली असते आणि मेनचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, करंट सरळ तिथे येतो. २४ ते ५० वॉटचे हे दिवे दुकानात निम्म्या भावात मिळतात आणि ग्रामपंचायती ते डझनांनी घेतात. त्यांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नसतो ही जमेची बाजू. पण व्होल्टेज वाढलं की जादा वीज आयसीतच उष्णता होऊन जिरते, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि मेन व ॲल्युमिनियमची पट्टी यांच्यामध्ये इन्सुलेशनचा केसभर थर तेवढा असतो. तो फुटला की बॉडीला करंट. ओल्या शिडीवर चढलेल्या वायरमनसाठी हे फार वाईट आहे. ओळखायला सोपं आहे : मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा, पडद्यावर जाड काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर शंका घ्या. मग फिटिंग उघडा. वेगळा डबा नसेल तर परत करा.

न्यूट्रलचा विषय बाहेरच्या पुस्तकांत फारसा नसतो, आपल्याकडे मात्र तोच सगळ्यात महत्त्वाचा. तीन फेजवर वाटलेले दिवे एकाच न्यूट्रलवर परत येतात. तो मध्ये कुठे तुटला किंवा सैल झाला की भार सारखा नसल्यामुळे एखाद्या फेजवरच्या दिव्यांना २३० ऐवजी ३५०, ३८०, अगदी ४०० व्होल्ट मिळतात. लाइनमनच्या बोलीत ‘चारशे चाळीस आलं’. एका रात्रीत आळीतले तीस दिवे जातात आणि दुसऱ्या दिवशी दोष कंपनीला. फिटिंग उघडलं की इनपुटजवळचा निळा चपटा गोल भाग, एमओव्ही, काळा पडून फुटलेला दिसतो. तो वीज कडाडल्यावर येणारा क्षणभराचा उच्च दाब गिळण्यासाठी असतो. ३०० व्होल्टचा एमओव्ही सलग ३८० व्होल्टवर ठेवला तर तो वाहू लागतो आणि जळतो. संरक्षणासाठी बसवलेला भागच आधी पेटतो.

उपाय दोन्ही टोकांना करायचा. दिव्यात : ‘४४० व्होल्ट ८ तास सहन करून पूर्ववत चालू होणारा ड्रायव्हर’ असं लिहा आणि नमुन्याला दोन फेजमध्ये प्रत्यक्ष जोडून बघा. ३०० ते ३२० व्होल्टच्या दरम्यान चांगला ड्रायव्हर स्वतःच बंद होतो आणि व्होल्टेज उतरलं की लागतो. वायरीत : तांब्याची वायर ॲल्युमिनियमच्या तारेला नुसती गुंडाळून दिलेला जोड शोधा आणि काढा. दोन धातू आणि ओल एकत्र आली की ॲल्युमिनियम खात सुटतं. कोकणात एक-दोन पावसाळे त्याला पुरतात. बायमेटल पीजी क्लॅम्प (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडणारा) महाग नाही. आणि न्यूट्रलची जाडी फेजएवढीच ठेवा, कमी नको. हलक्या ड्रायव्हरांचे तिसरे हार्मोनिक (मूळ ५० हर्ट्झच्या तिप्पट वारंवारतेचे करंट) न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारत नाहीत, त्यांची बेरीज होते, आणि भार सारखा वाटलेला असतानाही न्यूट्रल तापतो. एकूण हार्मोनिक १० टक्क्यांच्या आत आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामी येणारा वाटा) किमान ०.९५ ही अट बिलासाठी आहे असं समजलं जातं. ती तुमच्या न्यूट्रलसाठीही आहे.

सर्ज प्रोटेक्टर १० केव्हीचा, ड्रायव्हरपासून वेगळा आणि बदलता येणारा मागा. तो सिरीजमध्ये जोडायच्या जातीचा असावा. पॅरलल जोडलेला प्रोटेक्टर मेला तरी दिवा लागत राहतो, कुणाला पत्ता लागत नाही, आणि पुढच्या वळवाच्या कडकडाटात ड्रायव्हर जातो. सिरीजमधला मेला की दिवा विझतो, तक्रार येते आणि दिव्याऐवजी फक्त प्रोटेक्टर बदलावा लागतो. अर्थात अर्थिंग नसेल तर दोन्ही शोभेचे. सिमेंटच्या खांबावर दोन कोअरची केबल ओढून हिरवी वायर फिटिंगमध्येच गुंडाळून ठेवलेली आम्ही सर्रास पाहतो. तीन कोअर केबल आणि खांबाची अर्थ वायर ही बाब अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहा. नाही लिहिली तर ती होत नाही.

आता पॅनेल. दिवसा दिवे चालू राहण्याची सगळीच तक्रार आळसातून आलेली नसते. ड्रायव्हरच्या तोंडाशी रिकामा कपॅसिटर असतो आणि दिवा लागतो त्या क्षणी तो भरण्यासाठी जोराचा करंट ओढतो. चालताना अर्धा अँपिअर घेणारा १०० वॉटचा ड्रायव्हर मिलिसेकंदाच्या अंशापुरते ५०-६० अँपिअर घेऊ शकतो. एका सर्किटवर असे पंचवीस दिवे एकदम लागले की दोनपैकी एक गोष्ट होते. बी कर्व्हचा (थोड्या झटक्यालाही पडणारा) एमसीबी ट्रिप होतो आणि वैतागून कोणीतरी तो वगळून वायर थेट जोडून टाकतो. किंवा कॉन्टॅक्टरचे (टायमरच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या मोठ्या स्विचचे) संपर्क एकमेकांना चिकटतात आणि टायमरने कितीही बंद केलं तरी दिवे जळत राहतात. सोडियमच्या दिव्यांच्या वेळचा पॅनेल जसाच्या तसा ठेवून फक्त दिवे बदलले तिथे हे हमखास घडतं. भार निम्मा झाला म्हणून कॉन्टॅक्टरही लहान चालेल, हा तर्क इथे उलटा पडतो.

प्रत्येक चांगल्या ड्रायव्हरच्या डेटाशीटमध्ये १६ अँपिअरच्या बी आणि सी कर्व्हवर किती नग चालतील याचा तक्ता असतो. तो मागा आणि सर्किटं त्याप्रमाणे पाडा. एमसीबी सी कर्व्हचा (मोठा झटका सोसणारा) घ्या, कॉन्टॅक्टर कपॅसिटरच्या भारासाठी रेट केलेला, आणि तीन फेजचे कॉन्टॅक्टर काही सेकंदांच्या फरकाने लागतील असं सेटिंग करा. जुन्या पॅनेलमधले आणि फिटिंगमधले चोक, कपॅसिटर, इग्नायटर काढून टाका. इग्नायटर सोडियमचा दिवा पेटवायला हजारो व्होल्टचे ठोके देतो. जुन्या फिटिंगमध्ये फक्त होल्डरला एलईडी लावून काम उरकलं असेल, तर तेच ठोके नव्या ड्रायव्हरला बसतात.

जीएसएमवरून चालणाऱ्या केंद्रीय नियंत्रण पॅनेलबद्दल आमचं मत संमिश्र आहे. सूर्यास्ताच्या वेळा आपोआप धरणारा टायमर त्यात असतो, तो उत्तम. पण ४० दिव्यांच्या फीडरवर एक दिवा गेला तर भार अडीच टक्क्यांनी घटतो, आणि व्होल्टेजच्या चढउतारात तेवढा फरक रोजच पडतो. त्यामुळे पॅनेलला एकटा मेलेला दिवा कळत नाही. ‘९५ टक्के दिवे चालू’ हा दंडाचा निकष पॅनेलच्या अहवालावर ठेवलात तर कंत्राटदार कायम उत्तीर्ण. महिन्यातून एकदा रात्रीची फेरी मारून खांब क्रमांकानुसार नोंद ठेवावीच लागते. नेटवर्क गेलं किंवा सिमचं रिचार्ज संपलं तरी टायमर स्वतःच्या घड्याळावर चालला पाहिजे, हेही लिहून घ्या.

लेन्सकडे वळू. सोडियमचा दिवा सगळीकडे प्रकाश सांडायचा. नासाडी होती, पण दोन खांबांमधला अंधार त्यातून थोडा भरून निघायचा. एलईडीची लेन्स प्रकाश ठरलेल्या कोनातच टाकते. दोन खांबांमधलं अंतर उंचीच्या साडेतीन पटींपर्यंत असेल तर साधारण जमतं : ९ मीटर उंची, ३० मीटर अंतर. गावात महावितरणच्या खांबावर दिवा ६ मीटरवर बसतो आणि पुढचा खांब ४५ मीटरवर. साडेसात पट. इथे दिव्याखाली लख्ख गोल आणि मध्ये काळोख हेच होणार, ३० वॉट लावा की ९०. वॉट वाढवल्याने गोल आणखी पांढरा होतो आणि मधला अंधार डोळ्यांना आणखी गडद वाटतो. नागरिकांच्या ‘दिवे कमी पडतात’ या तक्रारीवर जास्त वॉटचा दिवा हे उत्तर म्हणूनच फसतं. मध्ये एक खांब, कमी वॉटचे दोन दिवे, आणि रुंद पसरणारी लेन्स, हा खर्च एकदाच होतो.

आयएस १९४४ या पथदिव्यांच्या भारतीय मानकात रस्त्यांचे वर्ग आहेत. महत्त्वाच्या वर्दळीच्या ए-१ रस्त्याला सरासरी ३० लक्स (रस्त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप), ए-२ ला १५, बी-१ ला ८ आणि बी-२ ला ४. त्याच्या जोडीला समानता : सर्वात अंधाऱ्या बिंदूचा आकडा भागिले सरासरी, ए वर्गात किमान ०.४ आणि बी वर्गात ०.३. सरासरी सगळे बघतात, समानता कोणी बघत नाही, आणि खड्डा मात्र अंधाऱ्या बिंदूतच असतो. निविदेसोबत तुमच्या रस्त्याची रुंदी, खांबाची उंची, अंतर आणि ब्रॅकेटची लांबी द्या. प्रत्येक निविदाकाराकडून त्याच मापांवर डायलक्स या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं डिझाइन आणि त्या मॉडेलची आयईएस फाइल (कोणत्या कोनात किती प्रकाश पडतो याची नोंद) मागा. देखभाल गुणक (धूळ आणि जुनेपणानंतर उरणारा प्रकाशाचा वाटा) ०.७५ धरायला लावा. ८ लक्सचा रस्ता असेल तर नव्या दिव्यांनी पहिल्या दिवशी १०.७ लक्स दिले पाहिजेत. दगडखाणी, सिमेंट कारखाने किंवा कोळशाची वाहतूक असलेल्या भागात ०.७ धरा.

मोजणी अवघड नाही. चांदणं नसलेली रात्र, दिवे लागून अर्धा तास झालेला, रस्ता कोरडा. दोन खांबांमधली लांबी दहा भागांत आणि रुंदी तीन भागांत वाटा, तीस बिंदू खडूने मारा, लक्समीटर रस्त्यावर आडवा ठेवून वाचा. त्या वेळचं व्होल्टेजही लिहा. साधा पण कॅलिब्रेट केलेला लक्समीटर काही हजारांत येतो. मोबाइलवरच्या ॲपवर कुणाचं बिल अडवू नका आणि कुणाचं सोडूही नका. हे तीस आकडे मोजमाप पुस्तिकेत चढले की अंतिम बिलाच्या वेळी वाद उरत नाही.

जुन्या ब्रॅकेटचा कोन हा एक छुपा शत्रू आहे. सोडियमसाठी ते १५-२० अंश वर उचललेले असत. त्यावर एलईडी तसाच बसवला तर प्रकाश समोरच्या घराच्या माडीवर आणि दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत. कोन बदलता येणारा अडॅप्टर मागून ० ते ५ अंशांवर आणा.

रंगाबद्दल. ५७०० ते ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा दिवा निविदेत केवळ नक्कल उतरवण्याच्या सवयीने टिकून आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच रस्त्यांसाठी ३००० केल्व्हिन किंवा त्याहून कमी सुचवलं होतं. ४००० वर आलात तर प्रकाशात नगण्य घट होते, ३००० वर काही टक्के, आणि चकाकी कमी होते. आपल्याच नागपूर जिल्ह्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा नैसर्गिक अंधार जपणारं क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली; त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले गेले. जंगलालगतच्या, समुद्रकिनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी तिथलं काम बघून यावं. घाटातल्या गावांकडून ‘धुक्यात पिवळाच हवा’ हे हमखास ऐकू येतं. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते निळा आणि पिवळा जवळपास सारखाच विखुरतात. धुक्यात त्रास देतो तो आडवा जाणारा प्रकाश, म्हणून तिथे रंगाआधी कटऑफ (प्रकाश वर आणि आडवा न जाऊ देणं) आणि कोन नीट करा.

पाणी. कागदावर आयपी ६६ (धूळ-पाणी आत न शिरण्याची श्रेणी) असतं आणि जुलैत फिटिंगमध्ये वाटीभर पाणी. चाचणी नव्या फिटिंगची झालेली असते. खांबावर गरम फिटिंगवर अचानक सर आली की आतली हवा आकसते आणि कुठलीही फट असेल तिथून ओल आत ओढते. हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा ब्रीदर व्हेंट असलेलं मॉडेल मागा. केबल ग्लँडमध्ये (फिटिंगच्या तोंडाशी तिला घट्ट धरणाऱ्या बुचात) शिरण्याआधी खाली लोंबती वळी द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळेल. दुरुस्तीसाठी उघडलेल्या फिटिंगचं गॅस्केट चिमटलं गेलं तर आयपी ६६ तिथेच संपलं. किनाऱ्यावर स्टेनलेस ३०४ चे स्क्रू आणि जाड पावडर कोटिंग लिहिलं नाही, तर तिसऱ्या वर्षी फिटिंग उघडतच नाही.

कागदपत्रं तपासताना तीन ठिकाणी बोट ठेवा. फिटिंगचा आणि ड्रायव्हरचा बीआयएस नोंदणी क्रमांक वेगवेगळा असतो. दोन्ही बीआयएस केअर ॲपवर टाकून मॉडेल जुळतं का पाहा. आयएस १६१०६ प्रमाणेचा प्रकाशमापन अहवाल एनएबीएलमान्य प्रयोगशाळेचा आणि त्याच मॉडेलचा हवा, ‘त्याच मालिकेतला’ नको. तिसरं म्हणजे ५०,००० तासांचा दावा. तो चिपचा उजेड किती तासांत किती घटतो हे मोजणाऱ्या एलएम-८० चाचणीवरून गणिताने पुढे नेलेला असतो आणि या गणिताच्या टीएम-२१ या नियमानुसार चाचणीच्या सहापटींपलीकडे नेता येत नाही. ६,००० तासांची चाचणी असेल तर ३६,००० च्या पुढे बोलायचा अधिकार नाही. आणि तो आकडा चिपचा आहे, ड्रायव्हरचा नाही, हे वर आलंच.

सौर पथदिव्यांबद्दल इथे एवढंच : लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी घ्या, ती सौर पॅनेलच्या पाठीला चिकटलेल्या तापणाऱ्या डब्यात नको, आणि पॅनेल पुसायला कोण चढणार हे आधी ठरवा.

उरली दुरुस्ती. पहिल्या फेरीत फिटिंग बिघडलं की नवं, अशी पद्धत होती, कारण बदलणारा दुसरा होता. आता भांडार तुमचं. ड्रायव्हर बदलताना वॉट बघून चालत नाही. लेबलवरचा करंट आणि व्होल्टेजचा पट्टा जुळला पाहिजे. ७०० मिलिअँपिअरच्या जागी १,०५० चा ड्रायव्हर लावला की दिवा आधी झकास उजळतो आणि काही महिन्यांत चिप काळ्या पडतात. चिपची एक ओळ विझलेली असते तेव्हा बाजारातला कारागीर मेलेल्या चिपवर कथिलाचा ठिपका देऊन ती जोडतो. पट्टीवर एकच ओळ असेल तर हे चालून जातं. दोन-तीन ओळी समांतर असतील तर ठिपका दिलेल्या ओळीचं व्होल्टेज उतरतं, तीच जास्त करंट ओढते आणि आधी जाते. अशा पट्ट्या अख्ख्या बदला.

निविदेत म्हणून हे मागा : ड्रायव्हर स्क्रूवर बसणारा आणि कनेक्टरने सुटणारा असावा, रेझिनमध्ये बॉडीला कायम ओतलेला नसावा, गावातल्या सगळ्या दिव्यांत मिळून ड्रायव्हरचे दोन, फार तर तीन प्रकार, कामासोबतच ५ टक्के ड्रायव्हर, ५ टक्के सर्ज प्रोटेक्टर आणि २ टक्के पूर्ण फिटिंगं भांडारात जमा. प्रत्येक फिटिंगवर खालून वाचता येईल असा अनुक्रमांक आणि बसवल्याचा महिना. सुरक्षा अनामतीतला काही भाग दोन पावसाळे उलटेपर्यंत राखून ठेवा. एका पावसाळ्यात ग्लँड आणि गॅस्केट उघडे पडत नाहीत. आणि अंतिम बिलावर सही करण्याआधी चार गोष्टी ताब्यात घ्या : आयईएस फायली, ड्रायव्हरच्या डेटाशीट, खांब क्रमांकांची यादी नकाशासह, आणि नियंत्रण पॅनेलच्या पोर्टलचा पासवर्ड, जो त्याच दिवशी तुमच्या कार्यालयात बसून बदलायचा.

आपले,
पथदिव्यांची कामे करणारे, तपासणारे आणि दुरुस्त करणारे काही जण